चार बोटं खाली

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि माझ्या सासूबाई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत सहा वेळा नापास झालेल्या आहेत. ही दोन्ही वाक्यं एका दमात वाचून ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावं. परीक्षेच्या ऑफिसातला कारकून वर्षभर हसतोच आहे. मी खिडकीशी गेलो की अर्ज हातात घेण्याआधी विचारतो, "आज बाहेरचं गिऱ्हाईक की घरचं?"

एकोणीस वर्षांत मी भल्याभल्यांना गाडी शिकवली. डावं-उजवं न कळणारा एक सर्जन माझ्या हाताखाली पास झाला. गाडी सुरू झाली की डोळे मिटून घेणाऱ्या एक बाई आज शाळेची बस चालवतात. सासूबाईंपुढे मात्र मी हात टेकले.

त्यांचं दुखणं दोन ठिकाणी होतं. पहिलं त्यांच्या उजव्या पायात. त्यांनी चाळीस वर्षं पायमशीनवर लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे पाय कुठल्याही पट्टीवर ठेवला की तो आपोआप टाच-चवडा, टाच-चवडा असा चालू होतो. ॲक्सिलरेटरवरही तेच. गाडी पळायची नाही, उचकी लागल्यासारखी जायची. दुसरं दुखणं खुद्द गाडीत. ती सासऱ्यांची, जुनी, लांबलचक आणि इतकी मऊ की आत बसलेल्या माणसापर्यंत रस्ता पोचायचाच नाही. आता शिकणाऱ्याला आपली चूक कळायला नको का? सासूबाई फुटपाथवर चढून उतरायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "काय म्हणत होतात, जावई?" माझ्या स्कूलच्या गाडीला त्या हात लावायला तयार नव्हत्या. परीक्षा द्यायची ती ह्यांच्याच गाडीत, म्हणजे सासऱ्यांच्या, हा त्यांचा हट्ट.

पाचव्या परीक्षेत त्यांनी मैदानातला प्लॅस्टिकचा शंकू गाडीखाली घेतला आणि तसाच फरफटत रस्त्यावर आणला. परीक्षक म्हणाले, "आजी, काही आवाज ऐकू येतोय का?" सासूबाई म्हणाल्या, "मघापासून येतोय. म्हटलं तुमच्या पोटातला असेल, कशाला बोलायचं."

हसणं जरा बाजूला ठेवून एक सांगतो. त्यांना लायसन्स हौसेसाठी नको होतं. त्यांची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि तिला आता एकटीने घराबाहेर पडवत नाही. सासरे होते तोवर दर गुरुवारी सासूबाईंना तिकडे सोडायचे, आणि दोघी बहिणी दिवसभर बसून जगाची उणीदुणी काढायच्या. सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आम्ही सगळे म्हणत होतो, नेतो. मी म्हणालो, नेतो. मेव्हणा म्हणाला, नेतो. पहिल्या वर्षभरात मोजून दोनदा नेलं. गुरुवारी माझे क्लास असतात हे खरं आहे, आणि इतर वारी मला कंटाळा येतो हेही खरं आहे. शेवटी त्यांनी आम्हाला विचारणं बंद केलं आणि शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला.

सहाव्यांदा नापास झाल्यावर घरात बैठक बसली. माझी बायको म्हणाली, "आई, गाडी नुसती उभी राहून सडतेय. शेजारचे दातांचे डॉक्टर विकत मागतायत."

सासूबाईंनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सातव्यांदा देते. नाही जमलं तर टाका विकून. मग मी गुरुवारचं नावही काढणार नाही."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सरळ बोलल्या, आणि मला ते लागलं. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन तारीख घेतली. गुरुवारची मिळाली.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि मेव्हणा मधे पडला.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिशी ओलांडलेली, गाद्यांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर गिऱ्हाइकांना मऊ मऊ गाद्यांवर लोळवतो आणि स्वतः मात्र गाड्यांची असली मासिकं वाचतो ज्यांत सगळं टणक असतं. "आईच्या परीक्षेआधी गाडीचं सर्व्हिसिंग करून आणतो," असं म्हणून तो गाडी घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा मी फाटकाच्या आत उभा होतो. आमच्या कुंपणाच्या भिंतीवरून गाडीचं छप्पर नेहमी दिसतं. त्या दिवशी हॉर्न वाजला, फाटकही उघडलं, पण छप्पर काही दिसलं नाही.

"ही खाली का बसलीय?" मी विचारलं.

"बसली नाही दाजी, बसवलीय. लोअरिंग स्प्रिंग." त्याने हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली. "चार बोटं खाली. आता वळणावर झुकणार नाही, रस्त्याला धरून जाईल. आईला कंट्रोल येईल."

"आणि शॉक?"

"कसला शॉक?"

"शॉकअप रे. ते बदललेस का?"

"ते कशाला? चांगले आहेत की. बाबांनीच बसवलेले."

मी कपाळावर हात मारून घेतला. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि दणका बसला की दबते. दबली की उसळते. त्या उसळीला वेसण घालायचं काम शॉकअपचं. नवी स्प्रिंग आखूड आणि कडक, तिची उसळी दांडगी. जुना शॉकअप मऊ स्प्रिंगच्या सवयीचा, वर थकलेला, आणि गाडी खाली आल्यामुळे आधीच अर्धा दबलेला. म्हणजे खड्डा आला की त्याला सरकायला जागाच नाही, तो थेट तळाच्या रबरी ठोकळ्यावर आपटणार. आणि त्यातून वाचला तर उसळी आवरणार नाही. हे सगळं मी मेव्हण्याला समजावलं. तो म्हणाला, "पण दिसतेय कशी ते बघा ना."

सासूबाई बाहेर आल्या, गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिला काय झालं, खचली का?" मग नेहमीच्या अंदाजाने सीटवर बसायला गेल्या, पण सीट नेहमीच्या जागी आलीच नाही. त्या आणखी चार बोटं गेल्या आणि मगच पोचल्या. माझी बायको दारातून म्हणाली, "आई, उतरता येईल ना?" सासूबाई म्हणाल्या, "ते उतरताना बघू. आधी चालवू तर दे."

गाडी सुरू झाली. सासूबाईंचा पाय टाच-चवडा चालू झाला, आणि त्या पायाचा ठेका आणि स्प्रिंगच्या उसळीचा ठेका नेमका एक झाला. नाक खाली, शेपूट वर, नाक वर, शेपूट खाली. आम्ही रस्त्याने मान डोलवत निघालो. दातांचे डॉक्टर त्यांच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी गाडी बघितली आणि स्वतःचा जबडा धरला.

कोपऱ्यावर स्पीडब्रेकर आहे. सासूबाईंनी तो रोजच्यासारखा, म्हणजे नसल्यासारखा घेतला. आधी पुढून धाडकन आवाज आला, मग पोट घासलं, मग मागून धाडकन. त्यानंतर गाडी पाच वेळा उड्या मारत राहिली. सासूबाईंचा चष्मा हनुवटीवर आला. माझी जीभ दाताखाली सापडली. सासूबाईंनी गाडी कडेला घेतली, हळूच थांबवली आणि हॅन्डब्रेक ओढला. हे तिन्ही त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर केलं.

"जावई, हे काय होतं?"

"स्पीडब्रेकर."

"नवीन घातला?"

"दहा वर्षं आहे."

"मी रोज ह्याच्यावरून जात होते?"

"रोज."

"ह्याच वेगाने?"

"कधी कधी जास्त."

त्यांनी चष्मा जागेवर नेला. "आणि त्याच्या आधी ते बारीक काय लागलं, डाव्या बाजूला?"

"गटाराचं झाकण."

"आणि त्याच्या आधी?"

"फुटपाथ, आई."

बराच वेळ त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या, जणू तो कुणीतरी आत्ताच आणून अंथरला होता. मग म्हणाल्या, "कापडाखालची शिवण बोटाला लागते ना, तसं लागतंय. इतके दिवस मी गादीवरून चाचपत होते. चला, परत एकदा."

त्या दिवशी आम्ही त्या रस्त्याला अकरा चकरा मारल्या. दुसऱ्या दिवशी झाकणं चुकली. तिसऱ्या दिवशी फुटपाथ सुटला. चौथ्या दिवशी पाय गप्प बसला, कारण पाय हलला की गाडी उसळते आणि गाडी उसळली की डोकं छपराला लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. "पाय स्थिर ठेवला की गाडी स्थिर राहते," असं त्यांनी मला शोध लावल्यासारखं सांगितलं. हेच मी त्यांना वर्षभर रोज सांगत होतो. माझी एकोणीस वर्षांची विद्या एका आखूड स्प्रिंगने चार दिवसांत मोडीत काढली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला, आणि तो मी मेव्हण्यावर काढला.

उड्यांचं मात्र काहीतरी करणं भाग होतं. मी गाडी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी वर, खाली, वर, खाली करत राहिली. तो तोवर हात पुसून आला.

"मास्तर, चाक हवेत असताना ब्रेक दाबला तर कुणाला लागणार?" तो म्हणाला. "एक तर जुन्या स्प्रिंगा परत घाला, नाहीतर ह्या स्प्रिंगांना शोभतील असे कडक, आखूड शॉक घ्या. तरणं घोडं आणि म्हातारा लगाम, असा संसार चालत नाही."

बायकोने निकाल दिला, जुन्या स्प्रिंगा. आईची कंबर आधी, परीक्षा नंतर. मग मी जुन्या स्प्रिंगा शोधायला मेव्हण्याच्या दुकानात गेलो. त्या तिथे काचेच्या पेटीत मांडून ठेवलेल्या होत्या. वर पाटी होती: "आमच्या गादीचं अंतरंग". मेव्हण्याचा मालक त्या द्यायला तयार होईना. म्हणाला, पेटी मांडल्यापासून लोक गाद्यांना फार आदराने हात लावतायत. मी त्याला म्हटलं, एवढ्या जाडीची स्प्रिंग गादीत असेल तर गिऱ्हाईक झोपणार कसं? तो म्हणाला, आजवर कुणी विचारलं नाही. शेवटी मी ग्राहक मंचात जायची धमकी देऊन चारही स्प्रिंगा खांद्यावर टाकून आणल्या.

मेकॅनिकने गाडी वर घेतली तेव्हा सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या, मेव्हणा त्यांच्यामागे उभा होता. तो पाना लावणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा हो. ह्या घातल्या की गाडी आधीसारखी मऊ होणार?"

"लोण्यासारखी," मेकॅनिक म्हणाला.

"मग नको."

"आई, तुमची कंबर," मी म्हणालो.

"कंबर माझी आहे. जावई, मऊ गाडीत मला कळत नाही मी काय तुडवतेय. मला लागलं तरच कळतं. लागू दे."

मी बायकोला फोन लावायला निघालो, तर सासूबाई म्हणाल्या, "तिला नंतर सांगू." मेकॅनिकने नवे शॉकअप बसवले. परत येताना त्यांनी तोच स्पीडब्रेकर घेतला. आता एकच दणका बसला, नीट, टणक, आणि गाडी जागच्या जागी गप्प झाली. सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "कडक आहे, पण एकदाच बोलते. तेच तेच उगाळत बसत नाही." मागे बसलेल्या मेव्हण्याला वाटलं, ही त्याची स्तुती आहे.

गुरुवार उजाडला.

परीक्षक तेच, सहाही वेळचे. उंच, वाळलेले, आंबट चेहऱ्याचे. त्यांची एक पद्धत सगळ्या शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलना ठाऊक आहे. ते रस्त्याकडे बघत नाहीत. मांडीवर कागद, कागदावर पेन टेकवलेलं, आणि गाडीत हादरा बसला की फुली. त्यांचं म्हणणं, चूक डोळ्याला फसवते, बुडाला फसवत नाही. पाच फुल्या झाल्या की नापास. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण ह्या कडक गाडीत सिगारेटचं थोटूक जरी चाकाखाली आलं तरी त्यांना कळणार, हे मी इतक्या दिवसांत एकदाही मनात आणलं नव्हतं. ते गाडीत बसायला वाकले, आणखी वाकले, गुडघे छातीशी घेऊन स्थिरावले, आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं. ती गाडी मी मऊ करून आणली असती तर निदान फुल्या कमी पडल्या असत्या.

"ही तीच गाडी का?" त्यांनी विचारलं.

"तीच," सासूबाई म्हणाल्या. "जरा बसकी झालीय. आपलंही वय होतंच की."

निघालो. पहिल्या वळणावर डांबराचं ठिगळ होतं, तिथे एक दणका बसला. फुली. पुढे सासूबाईंनी दोन झाकणं चुकवली, एक खड्डा दोन चाकांच्या मधून नेला. मंडईच्या रस्त्याला उंच स्पीडब्रेकर आला. त्यांनी दोन्ही आरसे बघितले, मागे कुणी नाही ह्याची खात्री केली आणि गाडी तिरकी धरून एकेक चाक हळूच वर घेतलं, हळूच उतरवलं. परीक्षकांचं पेन कागदावर नुसतं थरथरलं.

"तिरकी का नेली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सरळ नेली की पोट घासतं."

गाडी मागे घेताना चाक दगडाला लागलं. दुसरी फुली. मग वळणावर एक, माझ्या मते ती उगाचच होती. तीन झाल्या. आता शेवटची गल्ली आणि तिच्या टोकाला ऑफिस. गल्लीत वळलो आणि मी डोळे मिटून घेतले. पूर्ण रस्ता केबलसाठी खणून ठेवला होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन चर, वर कशीबशी माती लोटलेली. चुकवायला वीतभर जागा नव्हती. तीन चर म्हणजे तीन दणके, तीन आणि तीन सहा. दातांचे डॉक्टर संध्याकाळी गाडी न्यायला येतील, असं माझ्या मनात आलं.

सासूबाईंनी गाडी थांबवली. हॅन्डब्रेक लावला.

"का थांबलात?" परीक्षकांनी विचारलं.

"साहेब, जरा पेन उचलून धरा."

"काय?"

"पुढे तीन दणके बसणार आहेत. ते माझे नाहीत, खणणाऱ्यांचे आहेत. आधीचे तीन माझे होते, त्यातला तिसरा अर्धाच माझा, पण जाऊ दे. हे तीन मी माझ्या नावावर घेणार नाही. वर बघा, म्हणजे कळेल."

मी एकोणीस वर्षं त्या माणसाला ओळखतो. त्याने रस्त्याकडे बघितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याने तिन्ही चर बघितले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि पेन कानाच्या उंचीवर धरलं. सासूबाई गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेऊन गेल्या. "पहिला," त्या म्हणाल्या, आणि दणका बसला. "दुसरा." बसला. "हा जरा मोठा आहे, कंबर सांभाळा." परीक्षकांनी दुसऱ्या हाताने कंबर धरली. तिसरा बसला. पेन वरच राहिलं.

ऑफिसच्या आवारात गाडी उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "माझी नोकरी संपत आली, आजी. मला सांगून दणका देणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी कागदावर सही केली, पासची चिठ्ठी फाडून दिली, आणि उतरायला माझी मदत घेतली.

चिठ्ठी बघून मला खरंच भरून आलं. कारकुनाच्या नाकासमोर नाचवावी असं वाटलं. मी पुढच्या दारापाशी गेलो आणि म्हणालो, "सरका आई, आता दमला असाल. मी चालवतो."

त्या चिठ्ठी पर्समध्ये ठेवत होत्या. "नाही. तुम्ही मागचं दार लावून घ्या, नीट लागलं नाहीये."

मी दार लावलं. मी बाहेरच होतो.

"मी परस्पर बहिणीकडे जाते. आज गुरुवार आहे."

"मग मी येतो ना सोबत."

"तुमचे क्लास असतात की गुरुवारी," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माझी अडचण होऊ द्यायची नव्हती. त्यांनी आरसे बघितले, हात दाखवला आणि गाडी फाटकातून बाहेर काढली. पाय स्थिर होता, गाडी सरळ गेली.

ऑफिसहून आमच्या घरी यायला दोन बस बदलाव्या लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिली बस अर्ध्या तासाने आली. तिची पायरी एवढी उंच की मलाही दांडीला धरून चढावं लागलं. बसायला जागा नव्हती. मधेच बायकोचा फोन आला.

"काय झालं?"

"पास झाल्या."

ती रडायला लागली आणि मधेच थांबून म्हणाली, "मग तू कुठे आहेस? आवाज कसला येतोय?"

"बसमध्ये आहे. त्या मावशीकडे गेल्या."

"तुला नाही नेलं?"

"नाही."

ती पोट धरून हसली. मी दांडीला धरून उभा होतो. पुढच्या गुरुवारी माझा एक क्लास रद्द झाला आहे, सकाळ मोकळी आहे. दोन वर्षं मी नेतो, नेतो म्हणत होतो. आता मला कुणी विचारणार नाही.